दानाची गाडी

“गाडी चालती असल्याखेरीज मी संकल्प सोडणार नाही,” असं दत्तोपंतांनी ओसरीवर पुन्हा सांगितलं.

माजघराच्या दाराआड प्रेमला तांदूळ निवडत उभी होती. परात कमरेला टेकवलेली, कान बाहेर. उद्या सकाळी या घरात पळसाच्या काड्यांचा माणूस करायचा होता. काड्यांचे हातपाय, काड्यांची छाती, डोक्याच्या जागी नारळ. ज्याचं शरीर हाती लागत नाही त्याच्यासाठी शास्त्रानं करून ठेवलेली ही सोय. त्या काड्यांना तिच्या नवऱ्याचं नाव द्यायचं, सासऱ्यांनी मंत्र म्हणायचे, धाकट्या दिरानं, सुमंतनं, अग्नी द्यायचा. काड्या जळून गेल्या की प्रेमलाच्या कपाळावर काही उरणार नव्हतं.

“लंगडी गाय कुणी दान देतं का?” दत्तोपंत म्हणाले. “भोकं पडलेला तांब्या देतं? त्याची सर्वांत आवडती वस्तू ती मोटारसायकल. तीच द्यायची तर धडधाकट द्यायची. नाहीतर संकल्पात तिचं नाव घेऊन मी खोटा पडेन.”

“अहो आण्णा, दान घेणाऱ्या शास्त्रीबुवांना सायकलसुद्धा येत नाही,” सुमंत म्हणाला. “चालती काय अन् बंद काय!”

“त्यांना येत नसेल. ज्याच्या नावानं द्यायची त्याला येते.”

‘येते’ म्हणाले सासरे. ‘येत होती’ नाही म्हणाले. प्रेमलानं एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि तो शब्दही तसाच बाजूला ठेवून दिला.

लढाई संपून वर्ष उलटलं होतं. लष्कराकडून ‘बेपत्ता’ या एका शब्दापलीकडं काही आलं नव्हतं. मग यंदाच्या आषाढात राळेगणचा एक शिपाई घरी आला, ओसरीच्या कडेला अवघडून बसला आणि सांगून गेला की, ब्रह्मदेशातल्या एका नदीत पंतांच्या थोरल्याची लष्करी फटफटी उतरताना त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. ती वर आलेली पाहिली नव्हती. साक्षीला माणूस मिळाला, आता बारा वर्षं थांबायचं कारण नाही, असं भाऊबंद म्हणू लागले. त्यातच नणंदेचं, लीनाचं, लग्न नगरला जमलं. वरपक्षाच्या कानावर गेलं, की या घरात एक जीव अडकून आहे. आधी त्याला मार्गी लावा, म्हणाले, मग अक्षता.

कानावर गेलं ते अगदीच खोटं नव्हतं.

आषाढापासूनच ते सुरू झालं. दिवेलागणीला, तुळशीपुढं निरांजन लावताना, अंगणात पेट्रोलचा वास यायचा. घरात पेट्रोलचा थेंब नाही. शेजारचं कुत्रं फाटकाकडं तोंड करून शेपूट हलवत उभं राहायचं. कुणी आल्यावर हलवतं तसं. प्रेमलाचं गोपद्मांचं व्रत होतं. चातुर्मासात रोज दारी रांगोळीनं गायीची पावलं काढायची, सवाष्णीनं, पाच वर्षं. तो गेला त्या साली धरलेलं, यंदा कार्तिकात उद्यापन. सकाळी काढलेल्या पावलांवरून दुपारी कधीकधी एक रेघ गेलेली असायची. बारीक, सरळ, फाटकापासून पडवीपर्यंत.

“सायकलवाला कुणी आला असेल,” लीना म्हणायची. पण म्हणताना पाय पोटाशी घ्यायची.

पडवीतली ती मोटारसायकल प्रेमला रोज पुसायची. आषाढातच एकदा तिनं मुद्दाम पुसणं सोडलं. टाकीवर धूळ बसली, दिव्यावर बसली, मडगार्डवर बोटानं ॐ काढावा इतकी बसली. बसायच्या जागेवर मात्र बसेना. माणूस जेवढी जागा व्यापतो तेवढं कातडं काळंभोर, तुकतुकीत. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पुन्हा पुसायला लागली.

“तिसरा मिस्त्री येईल आता,” सुमंत बाहेर म्हणत होता. “हा शेवटचा. हा नाही म्हणाला तर आण्णा, तुम्ही जाणा अन् तुमची पोथी जाणे.”

“वहिनीला बरंच होईल,” लीना दाराकडं बघून बोलली, मुद्दाम ऐकू जाईल असं. “तिनं दादाला धरून ठेवलंय.”

प्रेमलानं पुढचा खडा वेचला. सासरी आली तेव्हा लीना परकरात होती, तिच्या कुशीत झोपायची. आता तिचंही खरं होतं. एकीचं कुंकू लागायचं तर दुसरीचं पुसायला हवं, अशी गाठ कुणी मारून ठेवली होती देव जाणे.

*

मिस्त्रींचा शोध हे सुमंतनं दोन महिने घेतलेलं व्रतच होतं. गाडी अमेरिकन. नगरच्या मिशनातला एक पाद्री मायदेशी निघाला, त्याच्याकडून थोरल्यानं घेतलेली. नावाची ‘इंडियन’, म्हणून सबंध पारनेरला ती देशी वाटायची. पाद्र्याची गाडी भिक्षुकाच्या अंगणात आली त्या दिवशी भीमाबाई आत्यांनी तिच्यावर गोमूत्र शिंपडलं होतं.

पहिला मिस्त्री भिंगारच्या छावणीतला. बीएसए म्हणा, नॉर्टन म्हणा, कुठलीही विलायती गाडी डोळे मिटून खोलेल अशी ख्याती. त्याचे पाने या गाडीच्या नटांवर बसेचनात. विलायती पाना अमेरिकन नटावर घसरतो, जोर लावला तर नटाचे कानेकोपरे झिजतात. “हिची भाषाच येगळी,” म्हणून तो हात पुसत निघून गेला. दुसरा विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणारा. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पट्टा कुठं लावायचा असं विचारलं, आणि चहा पिऊन गेला.

तिसरा, सूर्यभान, आला तो हत्यारांची पिशवी खांद्यावर आणि तोंडाचा पट्टा सुरू ठेवूनच.

“रामराम पंत! आसामात हुतो मी, अमेरिकन पलटनीत. ह्या गाड्या म्हंजी माझ्या पोरीबाळी! जनरल सायब म्हनायचा, सूर्यभान, तू हात लाव, बाकीचं मशीन बघंल. कुठं हाय आमची लेक?”

“पोरीबाळी पुरे,” पडवीच्या उंबऱ्यावर वाती वळत बसलेल्या भीमाबाई म्हणाल्या. “आधी पाय धू.”

भीमाबाई दत्तोपंतांच्या थोरल्या बहीण. लाल अलवण, पदराखाली गोटा केलेलं डोकं. नवव्या वर्षी लग्न, त्याच सालात कपाळ पांढरं. उद्याच्या विधीची घाई सर्वांत जास्त त्यांनाच, असं घरात सगळे धरून चालले होते. प्रेमलाही.

सूर्यभानचे पाने बसले. सुमंतनं सुप्याच्या लॉरीवाल्याकडून मिळवलेलं पेट्रोल टाकीत ओतलं आणि तो ओसरीवर गेला. सूर्यभाननं कार्ब्युरेटर धुतला, प्लग काढून घासले, तार लावून प्लग इंजिनाला टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. पुन्हा मारली. मग ठिणगीची वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोचं टोपण उघडलं आणि त्याचा पट्टा पहिल्यांदाच थांबला.

प्रेमला चहा घेऊन आली होती. कपबशी तिनं त्याच्यासाठीच्या वेगळ्या फळीवर ठेवली.

“वैनी,” तो हळू म्हणाला, “ह्यातला पॉइंट न्हाई.”

“म्हणजे?”

“ठिणगी पाडनारी पितळी पट्टी असती, टोकावर प्लॅटिनमचा मनी. ती न्हाई. पडल्याली न्हाई, काडल्याली हाय. इस्क्रू परत जाग्यावर बशिवलाय, टोपन नीट लावलंय. काडनारा जानकार हुता. ह्याच्याबिगर ही गाडी सात जल्मात सुरू हुयाची न्हाई. मी काय, साक्षात इस्वकर्मा आला तरी.” त्यानं कपाळाचा घाम पुसला. “मालक सोता काम करायचे का हिचं? काय नाव त्यांचं?”

प्रेमला खाली बघत उभी राहिली. लग्नातल्या उखाण्यांनंतर ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं शिकवलेलं. चार वर्षांत तर स्वप्नातसुद्धा घेतलं नव्हतं.

“माधव,” भीमाबाई म्हणाल्या. “बायको नाव घेते का रे? शहाणाच आहेस.”

“चुकलं, आत्याबाई.”

“आता माझं ऐक. हा पॉइंट की काय तो, दुसरा मिळेल?”

“अमेरिकेत मिळंल.”

“मग तू असं कर. बाहेर जाऊन सांग, इंजिनच बसलं आहे. जाम झालंय. कुणाकडूनही होणार नाही. पॉइंटाबिइंटाचं काही बोलू नकोस.”

प्रेमलानं चमकून वर पाहिलं.

सूर्यभान एका विधवेकडून दुसऱ्या होऊ घातलेल्या विधवेकडं बघत राहिला. “खोटं बोलू म्हनता? बामनाच्या दारात?”

“माझ्या खात्यावर बोल. माझं खातं तसंही रिकामंच आहे. जा, विहिरीवर हात धू, मग सांग.”

तो मागल्या दारानं विहिरीकडं गेला. प्रेमलाला पाणी घालायला जायचं होतं, पण ती भीमाबाईंसमोरच थांबली.

“आत्याबाई, तुम्हाला…”

“कुंकू कधी खुळखुळतं का गं?” भीमाबाई वात वळता वळता म्हणाल्या. “सकाळी तू करंडा उचललास की खुळखुळतो. वापरायचं कुंकू कोयरीतनं घेतेस अन् करंड्याला नमस्कार करतेस. मी कुंकवाच्या वाटेला जात नाही, म्हणून कानही गेलेत की काय माझे?”

प्रेमलाच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा लढाईवर निघायच्या आदल्या संध्याकाळी याच पडवीत त्यानं तिला शेजारी बसवून ते टोपण उघडलं होतं. “ही खाच या खाचेत बसवायची. स्क्रू बोटांनी आवळायचा, मग पान्यानं हलकेच. कळलं? सुम्या माझ्यामागं गाडी काढून मान मोडून घेईल. हे तुझ्याजवळ ठेव. मी आलो की मीच बसवीन.” तिनं तो चिमुकला तुकडा करंड्यात, कुंकवात पुरला. मी आलो की. त्या तीन शब्दांवर तिनं चार चातुर्मास काढले होते.

“पण विधीची घाई तर तुम्हीच…”

“मी काही म्हटलं नाही. सगळ्यांनी आपलं माझं डोकं बघितलं आणि धरून चालले.” भीमाबाईंनी वातींची टोपली बाजूला सारली. “हे अलवण दुसऱ्या कुणाच्या अंगावर बघायची मला हौस नाही गं. कार्तिकापर्यंत तर ढकलू. तुझं उद्यापन होऊ दे. पुढचं दत्त महाराज बघतील.”

*

दुपार अशी टळटळीत होती की अंगणात सावलीला थारा नव्हता. कावळासुद्धा बोलत नव्हता. दोघी मागल्या दारी आल्या. प्रेमला कळशीनं वरून पाणी घालत होती, सूर्यभान राख लावून हात चोळत होता, आणि भीमाबाई पायरीवर बसून त्याला काय बोलायचं ते पढवत होत्या.

“इंजिन जाम. काय?”

“इंजिन जाम. बोलतो की. लई अवघड लावलं हो तुमी, आत्याबाई…”

आणि पडवीत गाडी सुरू झाली.

आधी दोनदा खोकल्यासारखा आवाज, जसा ती थंडीत करायची. मग धड्-धड् लय धरली. प्रेमलाच्या हातातल्या कळशीची धार तशीच पडत राहिली, सूर्यभानच्या हातांवर, हात बाजूला झाले तरी जमिनीवर. पायाखालची फरशी थरथरत होती. विहिरीच्या रहाटावरची बादली कडीशी किणकिणत होती.

“झाली! झाली!” ओसरीवरून सुमंतची आरोळी आली. “आण्णा, सूर्यभाननं केली सुरू! वा रे पठ्ठे!”

लीनाच्या टाळ्या ऐकू आल्या.

 पडवीच्या मागल्या दाराकडं सूर्यभानची नजर, आणि दार तर त्यानंच येताना ओढून घेतलेलं. “मी हितं हाय,” तो कुजबुजला. “वैनी, मी हितं हाय न्हवं? तुमी बघताय न्हवं मला?”

बंद करण्याआधी मूठ पिळून इंजिन एकदा मोठ्यानं घुमवायचं, ही तिच्या नवऱ्याची खोड. शेजारी शिव्या द्यायचे त्यापायी. आवाज तसाच चढला, मोठ्ठा झाला, आळीभर घुमला. मग खाली आला. थांबला.



सबंध घराला त्या आवाजात एक आनंदाची वार्ता ऐकू आली होती. ही गाडी सुरू होऊच शकत नाही, हे ठाऊक असलेली माणसं इथं पायरीपाशी तिघं. आणि ती का होऊ शकत नाही ते जिच्या हाती होतं, ती एकटी. निरोप तिलाच होता.

ती आत गेली. धावली नाही. देवघरात संध्येचं पाणी, सकाळची फुलं, सगळं जिथल्या तिथं होतं. करंड्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखी बोटं मागं आली. चटकाच होता. पदरानं धरून झाकण काढलं. तुकडा तसाच होता, चार वर्षं होता तसा, कुंकवात रुतलेला. त्याच्याभोवतीचं कुंकू जळून काळं पडलं होतं. प्लॅटिनमचा काळवंडलेला मणी नुकताच घासल्यासारखा लखलखत होता.

भीमाबाई देवघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी करंड्यात पाहिलं. त्या मांडी घालून तिथंच, जमिनीवर, खाली बसल्या.

“आले होते,” प्रेमला म्हणाली. “सोडवून घ्यायला.”

“मी काय सांगू बाई तुला,” भीमाबाई म्हणाल्या. “मला काही सांगता येत नाही.”

*

ओसरीवर सुमंत सूर्यभानची पाठ थोपटत होता. “अरे, सुरू करून लगेच हात धुवायला? दोन मिनिटं थांबायचंस की! आम्हाला बघू तर दे!” सूर्यभान मान हलवत होता, होही नाही नि नाहीही नाही. आसामचा जनरल त्याच्या तोंडून कायमचा गेला होता. लीनानं वाटीत साखर आणली होती.

दत्तोपंत मात्र उठलेच नव्हते. गाडी सुरू झाली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, तसेच बसून होते. हातातली पळी तिरपी होऊन पाणी धोतरावर सांडलं होतं.

प्रेमला माजघरातून बाहेर आली. सासऱ्यांसमोर ती कधी अशी ओसरीच्या मध्यापर्यंत आली नव्हती. तिनं उघडा करंडा त्यांच्यापुढं ठेवला.

“मामंजी, हे त्या गाडीतलं आहे. जाताना माझ्याजवळ देऊन गेले होते. आत्ता गाडी वाजली तेव्हाही हे देवघरातच होतं.”

सुमंतचा हात सूर्यभानच्या पाठीवर तसाच राहिला. “म्हणजे? मग सूर्यभान, तू…”

“मी मागल्या दारी हुतो, धाकले पंत,” सूर्यभान म्हणाला. “आत्याबाईंना इचारा.”

लीनाच्या हातातली वाटी कलंडली. साखर जमिनीवर पसरली, कुणी उचलली नाही. “वहिनी,” ती म्हणाली, आणि पुढं तिला परकरातल्या पोरीसारखा हुंदका आला. प्रेमलानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

दत्तोपंतांनी काळ्या कुंकवातून तो तुकडा उचलला. तळहातावर घेऊन पुष्कळ वेळ पाहत राहिले.

“दत्तू,” भीमाबाई मागून आल्या होत्या. “दान द्यायची गाडी चालतीच पाहिजे, हे कुठल्या पोथीत आहे रे?”

भीमाबाई भावासमोर येऊन बसल्या.

“मी जन्मभर तुझी पारायणं ऐकत आले. मला नाही आठवत.”

“कुठल्याच नाही,” दत्तोपंत म्हणाले. त्यांचा आवाज विहिरीतून यावा तसा आला. “नाहीच आहे कुठं. मला वाटलं, ती कुणाकडून व्हायची नाही. पहिला गेला, दुसरा गेला… मला वाटलं, असंच चालेल.” त्यांनी डोळे मिटले. “पोराला काड्यांचा करायचा धीर होईना मला.”

 ऊन अंगणात तसंच उभं होतं.

“आता ते स्वतःच येऊन म्हणतात तर करायला हवं,” प्रेमला म्हणाली. “पण लंगडी वस्तू द्यायची नाही. मिस्त्री, हे बसवून द्या.”

“न्हाई वैनी.” सूर्यभाननं हात जोडले. “पाया पडतो. त्या पडवीत मी पाय ठेवायचो न्हाई. हत्यारं राहू द्या तितंच.”

तिनं सासऱ्यांच्या तळहातावरून तुकडा उचलला आणि ती एकटीच पायऱ्या उतरली. दारातल्या गोपद्मांवरून रेघ गेली होती. सकाळपासून नव्हती. एरवी ती पडवीपाशी थांबायची. आज पडवीतून निघून फाटकाबाहेर गेलेली होती. पावलं न मोडता ती बाजूनं चालली.

पडवीत थंडावा होता. तिनं इंजिनावर हात ठेवला. पहाटेच्या पाट्या-वरवंट्यासारखं गार. नळी गार, टाकी गार, बसायच्या कातड्यावर मात्र बारीक धुळीचा थर, सगळीकडं सारखा. तिनं टोपण उघडलं. ही खाच या खाचेत. स्क्रू बोटांनी आवळला, मग सूर्यभानचा पाना घेऊन हलकेच. टोपण लावलं, पदरानं पुसलं.

ओसरीवर दत्तोपंत उद्याचा संकल्प घोकू लागले होते. मंत्र चुकू नये म्हणून आदल्या दिवशी एकदा म्हणून पाहायचा, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. तिथी, वार, नक्षत्र, सगळं नीट आलं. “भारद्वाजगोत्रस्य… अस्मत्पुत्रस्य…”

आणि आवाज अडला. पुन्हा सुरुवातीपासून म्हणाले. तिथी, वार, नक्षत्र, गोत्र. पुन्हा तिथंच अडला. जन्मभर लोकांच्या मेलेल्यांची नावं घेतलेली जीभ एका नावाशी थबकून राहिली.

प्रेमला पडवीच्या दारात आली. ओसरीवरचे सगळे तिच्याकडं बघत होते. आता आयुष्य कमी होण्याची भीती उरली नव्हती.

“माधव,” ती म्हणाली. स्पष्ट, मोठ्यानं, फाटकापर्यंत ऐकू जाईल असं.